ताणलेलं पोलाद आणि आत शिरलेला हायड्रोजन

वाचकांचे प्रश्न : धातुशास्त्र

हायड्रोजनमुळे पोलाद ठिसूळ कसं होतं, यावर गेल्या अंकात लिहिलं होतं. त्यानंतर आलेली बरीचशी पत्रं एकाच प्रश्नाभोवती फिरतात : धातू ताणला, वाकवला, पिळला, तर त्यात मावणाऱ्या हायड्रोजनचं प्रमाण बदलतं का? नोकरीतला माझा बहुतेक काळ लोखंडाच्या पातळ पत्र्यांतून हायड्रोजन किती झिरपतो ते मोजण्यात गेला. त्यामुळे ही पत्रं वाचताना मनापासून आनंद झाला. त्यांतली काही इथे घेते.

प्रश्न : धातू ताणला की त्यात हायड्रोजन जास्त विरघळतो, असं आपण लिहिलंत. म्हणजे धातू स्पंजसारखा समजायचा का? ताणला की भोकं मोठी, दाबला की हायड्रोजन बाहेर? आणि हा फरक असतो तरी किती?
– एक निवृत्त यंत्र अभियंता

उत्तर : दिशा तुम्ही बरोबर पकडली आहे. ताणाखाली विद्राव्यता वाढते, दाबाखाली घटते. पण स्पंजाचं चित्र मनातून काढून टाका, कारण त्यातून आकडा चुकीचा निघतो, आणि या विषयात आकडा चुकला की पुढचे निष्कर्षही चुकतात.

हायड्रोजन वायूचा रेणू दोन अणूंचा. धातूच्या पृष्ठभागावर तो फुटतो आणि सुटे अणू आत शिरतात. म्हणूनच विद्राव्यता वायूच्या दाबाच्या नव्हे, दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ झीफर्ट्स यांचा हा नियम. आत गेलेला अणू लोखंडाच्या अणूंमधल्या फटीत बसतो. ती फट त्याला अपुरी पडते, म्हणून तो शेजाऱ्यांना जरासं बाजूला सारतो. हायड्रोजनचे एक मोल अणू (सुमारे एक ग्रॅम) शिरले की लोखंडाचं आकारमान साधारण २ घन सेंटिमीटरने वाढतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर या २ घन सेंटिमीटरमध्ये आहे. धातू आधीच ताणून धरलेला असेल, तर शेजाऱ्यांना सारण्याच्या कामात तो ताण हातभार लावतो आणि अणूला आत बसणं स्वस्त पडतं. दाबून धरला असेल तर महाग पडतं. किती स्वस्त, तर तिन्ही दिशांच्या ताणांची सरासरी गुणिले ते आकारमान.

एक पोलादी दांडा ३०० मेगापास्कल ताणाने लांबीच्या दिशेत ओढून धरला आहे असं समजू. आडव्या दोन दिशांत काहीच ताण नाही, तेव्हा सरासरी १०० मेगापास्कल. २ घन सेंटिमीटरने गुणल्यावर मोलमागे २०० जूल येतात. खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा मोलमागे सुमारे २,५०० जूल असते. दोहोंचं गुणोत्तर ०.०८. विद्राव्यता या गुणोत्तरानुसार घातांकी पद्धतीने बदलते, म्हणजे इथे सुमारे ८ टक्क्यांनी वाढते. उलट दिशेने तेवढंच दाबलं तर जवळपास तेवढीच घटते. स्पंजातलं पाणी जसं निथळतं तसा हायड्रोजन बाहेर पडत नाही.

आता जागेचा हिशेब करून पाहा. १०० मेगापास्कल सरासरी ताणाने लोखंडाचं आकारमान जेमतेम ०.०६ टक्क्यांनी वाढतं. जागा वाढली दहा हजारांत सहा भाग, आणि हायड्रोजन वाढला शंभरात आठ भाग! केवळ जागा वाढली म्हणून हायड्रोजन वाढत असता, तर हे दोन आकडे एकमेकांच्या आसपास आले असते. शिवाय जागेची टंचाई मुळात नाहीच. खोलीच्या तापमानाला, एक वातावरण दाबाच्या हायड्रोजनमध्ये ठेवलेल्या निर्दोष लोखंडात सुमारे पाच कोटी लोखंडी अणूंमागे हायड्रोजनचा एक अणू विरघळलेला असतो. बाकी सगळ्या फटी रिकाम्या आहेत. त्या भरत नाहीत कारण लोखंडात शिरायला हायड्रोजनला ऊर्जा मोजावी लागते.

ताणाखालच्या घन पदार्थांचं हे उष्मागतिकीशास्त्र जेम्स ली, रिचर्ड ओरियानी आणि लॉरेन्स डार्कन यांनी १९६६ साली नीट बांधून दिलं. पण मला सर्वांत जवळचा वाटणारा विचार त्याहून जुना आहे. १९३५ साली खारकीव्हमधले भौतिकशास्त्रज्ञ वादिम गोर्स्की यांनी असं मांडलं : पट्टी वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. मग आत विरघळलेले, जागा फुगवणारे अणू दाबलेल्या बाजूकडून ताणलेल्या बाजूकडे हळूहळू सरकले पाहिजेत. ते सरकले की बाहेरची बाजू आणखी थोडी फुगेल आणि वजन न वाढवताही पट्टी आणखी थोडी वाकेल. वजन काढलं की पट्टी लगेच पूर्ण सरळ होणार नाही. उरलेला बाक अणू परत पसरेपर्यंत टिकेल. १९६० च्या दशकाच्या शेवटी जर्मन संशोधकांनी हायड्रोजन भरलेल्या नायोबियममध्ये हे प्रत्यक्ष मोजलं. नायोबियममध्ये हायड्रोजन भरपूर मावतो आणि वेगाने धावतो, त्यामुळे एक मिलिमीटर जाडीच्या पट्टीत एखाद-दोन मिनिटांत परिणाम दिसतो. हे पाहायला गोर्स्की हयात नव्हते. स्टालिनच्या दडपशाहीत १९३७ साली त्यांना गोळ्या घालून मारलं गेलं. त्यांचं नाव आज या परिणामाला आहे, आणि हा विषय शिकवताना ते नाव घेतल्याशिवाय मी पुढे जात नाही.

प्रश्न : मग ज्या शाफ्टला नुसता पीळ बसतो, त्यातही हायड्रोजन वाढतो का?
– एक वाचक

उत्तर : शाफ्ट लवचीक मर्यादेत असेल, म्हणजे पीळ काढल्यावर पूर्ववत होणार असेल, तर नाही. पिळात एका तिरक्या दिशेला ओढ असते आणि तिच्या काटकोनात तेवढाच दाब. तिन्ही दिशांची सरासरी शून्य. लोखंडातला हायड्रोजन आजूबाजूच्या अणूंची जाळी सगळीकडे जवळजवळ सारखीच फुगवतो, म्हणून त्याला फक्त ही सरासरी कळते. कार्बनचं तसं नाही. तो लोखंडाची जाळी एकाच दिशेत जास्त ताणतो, म्हणून पिळालाही प्रतिसाद देतो. भेग असलेल्या पोलादाच्या नमुन्यांना ओढ आणि पीळ असे दोन्ही भार देऊन केलेला एक तुलनात्मक अभ्यास १९७३ साली सेंट जॉन आणि विल्यम गेर्बरिश यांनी प्रसिद्ध केला. ओढीखाली हायड्रोजनने भेग वाढवली, पिळाखाली नाही. सरासरी ताणाचं महत्त्व इतकं स्वच्छ दाखवणारे प्रयोग थोडे आहेत. मात्र पीळ इतका असेल की शाफ्टला कायमचा मुरडा बसला, तर गोष्ट बदलते. ती पुढच्या उत्तरात येते.

प्रश्न : बाई, आम्ही प्रयोगशाळेत एकाच पोलादाचे दोन पत्रे घेतले, एक ॲनील केलेला (तापवून हळूहळू थंड केलेला) आणि एक कोल्ड रोल केलेला (न तापवता रुळांमधून दाबून काढलेला). दोन्ही एकाच आम्लात सारखाच वेळ ठेवले. कोल्ड रोल केलेल्या पत्र्यात कित्येक पट जास्त हायड्रोजन सापडला. पण त्या पत्र्यावर आता बाहेरून काहीच ताण नाही. सूत्रात सरासरी ताण शून्य घातला तर फरक शून्य येतो. आमचं मोजमाप चुकलं की सूत्र चुकीचं आहे?
– धातुशास्त्राची पदवी घेणारी विद्यार्थिनी

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत. तू दोन वेगवेगळ्या गोष्टी एका आकड्यात मोजल्या आहेस. या विषयावरच्या गोंधळाचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विकृती दोन प्रकारची. भार काढल्यावर जी जाते ती लवचीक; तिचा परिणाम वर सांगितला, काही टक्क्यांचा. भार काढल्यावरही जी राहते ती कायमची, आणि तिच्यात स्फटिकांच्या आत डिसलोकेशनचं, म्हणजे अणूंच्या रांगांमधल्या रेषेसारख्या दोषांचं, जंगल माजतं. प्रत्येक डिसलोकेशनच्या गाभ्याशी अणूंची मांडणी बिघडलेली असते. तिथे हायड्रोजनला बसणं फारच सोयीचं. निर्दोष जाळीतली फट सोडून तो अशा जागी गेला की पुन्हा बाहेर निघायला त्याला मोठी ऊर्जा लागते. म्हणूनच या जागांना सापळे म्हणतात.

१९४९ साली लॉरेन्स डार्कन आणि रॉडनी स्मिथ यांनी आम्लात ठेवलेल्या पोलादावर काम करून दाखवलं की थंड अवस्थेत ठोकलेलं, ओढलेलं पोलाद ॲनील केलेल्यापेक्षा कितीतरी जास्त हायड्रोजन घेतं आणि तो हायड्रोजन त्यात अडकून राहतो. तुमचा प्रयोग त्याच वाटेवरचा आहे. १९८० साली कुमनिक आणि जॉन्सन यांनी विकृत लोखंडातल्या खोल सापळ्यांची बंधन-ऊर्जा मोलमागे सुमारे ६० किलोजूल मोजली. हा आकडा उष्णतेच्या २.५ किलोजूलशेजारी ठेव. गुणोत्तर २४. त्याचा घातांक घेतलास तर सापळ्यातली एक जागा निर्दोष जाळीतल्या एका फटीपेक्षा हजार कोटींहून जास्त पटीने आकर्षक ठरते. लवचीक ताणाचं गुणोत्तर ०.०८ होतं. एकीकडे ०.०८, दुसरीकडे २४ : तुझ्या सूत्रात आणि तुझ्या मोजमापात एवढं अंतर आहे.

आता सापळ्यांची संख्या. भरपूर विकृती दिलेल्या लोखंडात दर दहा लाख लोखंडी अणूंमागे असे एक-दोनच सापळे असतात. किती कमी वाटतात! पण विरघळलेला हायड्रोजन पाच कोटींत एक आहे हे आठव. सापळे जवळजवळ सगळे भरले, तर अडकलेला हायड्रोजन विरघळलेल्याच्या पन्नास ते शंभर पट होतो. ॲनील केलेल्या लोखंडात सापळेच इतके थोडे असतात की हा फरक उरत नाही. आणखी एक लक्षात ठेव : सापळ्यांची संख्या सुरुवातीच्या थोड्या विकृतीतच झपाट्याने वाढते, पुढे वाढीचा वेग मंदावतो. त्यामुळे थोडंसं रोल केलेला पत्राही ॲनील केलेल्यासारखा वागेल अशी अपेक्षा करू नकोस.

दोन्ही परिणाम वेगळे करून पाहायचे असतील तर झिरपण्याचा प्रयोग कर. देवनाथन आणि स्टाखुर्स्की यांनी १९६२ साली मांडलेली दोन कप्प्यांची घटपद्धती तुमच्या विभागात असेल, नसेल तर उभी करणं अवघड नाही. मध्ये पातळ पत्रा, एका बाजूने हायड्रोजन शिरवायचा, दुसऱ्या बाजूला बाहेर येणारा प्रत्येक अणू विद्युतधारेच्या रूपात मोजायचा. कोल्ड रोल केलेल्या पत्र्यात धारा वर चढायला खूप उशीर लागेल, कारण आधी सापळे भरावे लागतात. पण एकदा स्थिरावली की ती ॲनील केलेल्या पत्र्याएवढीच असेल, कारण पलीकडे पोचतो तो जाळीत विरघळलेला, मोकळा हायड्रोजन. याउलट ॲनील केलेला पत्रा लवचीक मर्यादेत ताणून धरलास, तर स्थिर धारा स्वतःच थोडी वाढेल, कारण आता जाळीतली विद्राव्यताच वाढली आहे. १९७१ साली बॉक्रिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोखंडावर हेच केलं होतं. दोन्ही आलेख शेजारी ठेवलेस की कुठल्या विकृतीने काय केलं ते कुणी सांगायची गरज उरणार नाही. बाहेरच्या बाजूला पॅलेडियमचा पातळ लेप द्यायला विसरू नकोस आणि दोन्ही पत्र्यांचा पृष्ठभाग एकसारखा घासून घे. पृष्ठभाग वेगळा असेल तर आत शिरणारा हायड्रोजनच वेगळा होतो आणि तुलनेला अर्थ राहत नाही.

अहवालात ‘हायड्रोजन इतके पीपीएम’ (दहा लाख भागांत इतके भाग) एवढंच लिहिलेलं मला कधीच पुरेसं वाटत नाही. धातू कसा घडवला होता आणि नमुना किती तापमानाला तापवून हायड्रोजन बाहेर काढला, हे दोन तपशील शेजारी हवेतच. कमी तापमानाला मोकळा आणि सैल अडकलेला हायड्रोजन निघतो, खोल सापळ्यांतला निघायला जास्त तापमान लागतं.

प्रश्न : आमच्याकडे १२.९ वर्गाच्या (अतिशय मजबूत पोलादाच्या) बोल्टवर झिंक प्लेटिंग होतं. बोल्ट तपासणीत उत्तम ठरतात, ठरलेल्या टॉर्कने आवळले जातात, आणि दुसऱ्या दिवशी काहींची डोकी तुटून पडलेली दिसतात. मधल्या काळात कुणी हातही लावलेला नसतो. भार तोच, बोल्ट तोच, मग एक दिवस थांबून का तुटतो?
– प्लेटिंग विभागातले पर्यवेक्षक

उत्तर : तुमचं पत्र सगळ्यांत गंभीर आहे, कारण या बोल्टवर कुणाचा तरी जीव अवलंबून असू शकतो.

आम्लात धुताना आणि प्लेटिंगच्या टाकीत बोल्टमध्ये हायड्रोजन शिरतो. लोखंडाची तार आम्लात ठेवल्यावर ठिसूळ होते आणि काही काळ बाहेर ठेवली की पुन्हा सुधारते, हे विल्यम जॉन्सन यांनी १८७५ सालीच नोंदवलं होतं. तुमचे बोल्ट मात्र सुधारायला वेळ मिळण्याआधीच आवळले जातात, शिवाय वर झिंकचा थर असतो आणि त्यातून हायड्रोजन सहज बाहेर पडत नाही.

आवळल्यावर सगळ्या बोल्टभर ताण सारखा नसतो. डोक्याखालच्या कोपऱ्यात आणि आट्यांच्या तळाशी तो एकवटतो. तिथे बारीकशी भेग असेल, तर तिच्या टोकापुढे धातू तिन्ही दिशांनी ओढला जातो. अशा ठिकाणी सरासरी ताण पोलादाच्या यील्ड स्ट्रेंग्थच्या (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो त्याच्या) दुपटीहून जास्त होऊ शकतो. तुमच्या बोल्टची यील्ड स्ट्रेंग्थ १,१०० मेगापास्कलच्या आसपास. सरासरी ताण २,५०० मेगापास्कल धरला तर पहिल्या उत्तरातलं गुणोत्तर ०.०८ न राहता २ होतं, आणि विद्राव्यता सातपटीहून जास्त. साध्या, ४०० मेगापास्कलच्या पोलादात याच हिशेबाने ती दुपटीच्या थोडी वर जाते. कठीण पोलाद हायड्रोजनला जास्त का घाबरतं याचं एक मोठं कारण यात आहे : त्याच्या भेगेपुढे जास्त हायड्रोजन गोळा होतो. मूळचं चिवटपण कमी असतं, ते निराळंच.

हा हायड्रोजन येतो आजूबाजूच्या धातूतून, आणि यायला वेळ लागतो. तुमचा तो एक दिवस यातच खर्च होतो. सापळ्यांमधून वाट काढत पोलादात सरकणाऱ्या हायड्रोजनला साधारण एक मिलिमीटर अंतराला तीन तास लागतात, तीन मिलिमीटरला एक दिवस. अंतर तिप्पट झालं की वेळ नऊपट होतो. ॲलेक्झांडर ट्रॉइआनो यांनी १९६० साली उशिरा होणाऱ्या तुटीचं हेच स्पष्टीकरण दिलं : भार हायड्रोजनला बोलावतो, पुरेसा जमला की भेग थोडी पुढे जाते, मग नव्या टोकापुढे पुन्हा जमवाजमव सुरू होते. टॉर्क देताना बोल्ट ठीक असणं म्हणूनच काहीच सिद्ध करत नाही. सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड जोडणाऱ्या बे ब्रिजच्या नव्या पूर्व भागात मार्च २०१३ मध्ये मोठ्या गॅल्व्हनाइज्ड दांड्या ताणण्यात आल्या. नंतरच्या काही दिवसांत ९६ पैकी ३२ तुटल्या. त्या दांड्यांच्या भोकांत आधी बरीच वर्षं पाणी साचलेलं होतं.

करायचं काय? प्लेटिंग झाल्यावर चार तासांच्या आत बोल्ट भट्टीत जाऊ द्या, १९० ते २२० अंश सेल्सियसवर, म्हणजे उष्णतेने हायड्रोजन बाहेर निघेल (यालाच बेकिंग म्हणतात). वेळ प्रमाणकाप्रमाणे द्या आणि कठीण बोल्टला तो कमीत कमी देऊ नका. पाळी संपली म्हणून टोपली सकाळपर्यंत ठेवून देणं, हे माझ्या मते प्लेटिंग विभागातलं सर्वांत महागडं दुर्लक्ष आहे, कारण आधीच सुरू झालेली भेग बेकिंगने सांधत नाही. आम्लात धुण्याऐवजी शॉट ब्लास्टिंग (बारीक धातूच्या गोळ्यांच्या माऱ्याने सफाई) जमत असेल तर ते करा. आम्ल वापरावंच लागलं तर इनहिबिटर (आम्लाचा धातूवरचा हल्ला मंदावणारं रसायन) घालून, कमीत कमी वेळ. कठीणता प्रत्येक घाण्याची तपासा. १२.९ वर्गाला रॉकवेल सी या कठीणतेच्या मापावर ३९ ते ४४ चालते, पण वरच्या टोकाचा घाणा मी प्लेटिंगला सोडणार नाही. आणि ग्राहक तयार असेल तर झिंक-फ्लेकचा (झिंकच्या चपट्या कणांचा) लेप द्या. त्यात विजेवर चालणारी टाकी नसते, त्यामुळे तिथून हायड्रोजन शिरायची वाटच राहत नाही. मोकळेपणाने सांगते, १२.९ ला इलेक्ट्रोप्लेटिंग करूच नये असं माझं मत आहे.

प्रश्न : अणुभट्टीतल्या झिर्कोनियमच्या नळ्यांमध्येही हाच धोका असतो का?
– विज्ञान शिक्षक

उत्तर : मूळ तेच, शेवट वेगळा. लोखंडात हायड्रोजन एकेकटा राहतो. झिर्कोनियममध्ये मर्यादेबाहेर गेला की त्याचं हायड्राइड बनतं, आणि ते काचेसारखं ठिसूळ असतं. ३०० अंश सेल्सियसला झिर्कोनियमच्या मिश्रधातूत वजनाने सुमारे ६५ पीपीएम हायड्रोजन विरघळतो, खोलीच्या तापमानाला जवळजवळ काहीच नाही. त्यामुळे भट्टी थंड होताना हायड्राइड बाहेर पडतंच. ताण असलेल्या जागी हायड्रोजन आधीच ओढला गेलेला असेल, तर ते नेमकं तिथे, भेगेच्या टोकाशी बनतं, तडकतं, भेग पुढे जाते आणि पुन्हा तेच.

कॅनडातल्या पिकरिंग केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीत १९७४-७५ च्या सुमारास दाबनळ्यांना अशा भेगा सापडल्या. त्या सगळ्या नळीच्या टोकाशी, रोल करून बसवलेल्या सांध्याजवळ होत्या. सांधा बसवताना रोलिंग जास्त झालं होतं आणि त्याचा ताण नळीत कायमचा राहून गेला होता. भट्टीचा दाब नसतानाही तो ताण हायड्रोजनला ओढत राहिला. उपाय म्हणून पुढच्या भट्ट्यांमध्ये सांधा बसवायची पद्धतच बदलली. नळी आणि तिच्या बैठकीत रोलिंगआधी फट जवळजवळ उरू द्यायची नाही, म्हणजे रोल करताना नळीला फारसं फाकावं लागत नाही आणि मागे राहणारा ताण खूपच कमी होतो.